सिंहाचे डोळे कोणी पुसले?

पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात अरबी हस्तलिखितांच्या विभागात ३४६५ क्रमांकाची एक पोथी आहे. तिचे नाव ‘कलीला व दिम्ना’. ती साधारण इ.स. १२०० ते १२२० या काळातली, आणि बहुधा शाम म्हणजे आजच्या सीरियाच्या मुलखात तयार झालेली, असे जाणकार मानतात. या ग्रंथाच्या ज्या सचित्र अरबी प्रती आज हाताशी आहेत त्यांत ही सर्वांत जुनी. पानोपानी जनावरे आहेत. कलीला आणि दिम्ना हे दोन कोल्हे समोरासमोर बोलत आहेत. कावळ्यांचा राजा आपल्या मंत्र्यांशी मसलत करतो आहे. मागे डोंगर नाही, आभाळ नाही. कोरा कागद, पायाखाली गवताची पट्टी, बाजूला एखादे झुडूप. आणि जनावरांना डोळे आहेत.

शेवटचे वाक्य मी मुद्दाम लिहिले आहे. कारण मी उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवते आणि आमच्यासारख्या शाळांत जनावरांना डोळे असावेत की नसावेत, हा आता वादाचा विषय झाला आहे.

झाले ते थोडक्यात सांगते. चौथीच्या वर्गात मी ससा आणि सिंहाच्या गोष्टीचा तक्ता लावला होता. विहिरीत डोकावणारा सिंह आणि काठावर उभा असलेला ससा. चार दिवसांत कोणीतरी काळ्या मार्करने दोघांचे डोळे बुजवले. मी नवा तक्ता लावला. तो तर भिंतीवरूनच उतरवला गेला. विचारायला गेले तेव्हा एका जबाबदार गृहस्थांनी समजावणीच्या सुरात सांगितले, “आपा, कशाला वाद वाढवता? पालकांच्या भावना आहेत. झाडाफुलांचे तक्ते लावा. आणि ही गोष्ट तरी कुठे आपली आहे? ही पंचतंत्रातली. त्यांची.”

म्हणजे आरोप दोन. चित्र नाजायज आहे आणि गोष्ट परकी आहे. शाळेचे नाव मी घेणार नाही. एका शाळेचा हा प्रश्न असता तर या अंकाची पाने मी अडवली नसती. वेगवेगळ्या गावांतल्या माझ्या बी.एड.च्या मैत्रिणी हेच सांगतात. कुठे पुस्तकातल्या मांजरीच्या मानेवर रेघ, कुठे स्नेहसंमेलनात मुलांना प्राण्यांचे मुखवटे घालायला मनाई. सगळे गुपचूप चालते. लेखी आदेश कोणी देत नाही, म्हणून लेखी उत्तरही कोणी देत नाही. ते देण्याचा हा प्रयत्न.

आधी दुसरा आरोप घेते. गोष्ट परकी आहे काय?

गोष्ट मूळची हिंदुस्थानी आहे, संस्कृत आहे, हे कोणीही नाकारत नाही. सहाव्या शतकात इराणचा बादशहा नौशेरवान याच्या दरबारातला बर्झूया नावाचा हकीम हिंदुस्थानात आला. फिरदौसीने शाहनाम्यात त्याची हकीकत सांगितली आहे. मेलेल्याला जिवंत करणारी वनस्पती शोधायला तो आला होता. इथल्या जाणत्यांनी त्याला सांगितले की ती वनस्पती म्हणजे एक पुस्तक आहे. ते पुस्तक त्याने पहलवी भाषेत नेले. मग आठव्या शतकाच्या मध्यास, इ.स. ७५० च्या सुमारास, अब्दुल्लाह इब्नुल मुकफ्फा याने पहलवीवरून ते अरबीत आणले. हा माणूस जन्माने इराणी, मूळ नाव रोजबेह, पुढे इस्लाम स्वीकारलेला, बसऱ्याला कारकुनी करणारा. (आपले वक्ते हे भाषांतर हटकून बगदादला करवून घेतात. बगदाद शहर ७६२ साली वसले. तोवर बिचारा इब्नुल मुकफ्फा राजकारणात मारलाही गेला होता. वय जेमतेम छत्तिशीचे सांगतात.) करटक आणि दमनक या संस्कृत नावांचे कलीला आणि दिम्ना झाले ते या प्रवासात. ब्राह्मणाचा आबिद झाला, त्याच्या सातूच्या पिठाच्या मडक्यात मध आणि तूप आले, वानराचा दोस्त मगर होता त्याच्या जागी कासव आले. गोष्ट ज्या घरात राहते त्या घरचे भांडे वापरते.

पण इब्नुल मुकफ्फाने केवळ भांडी बदलली नाहीत, आणि हा भाग मला फार मोलाचा वाटतो. पंचतंत्रात दमनक सिंहाचे कान भरतो, सिंह आपल्या निरपराध मित्राला, बैलाला, ठार करतो आणि दमनक पुन्हा मंत्री होऊन मजेत राहतो. राजनीतीचा ग्रंथ आहे, तिथे हे चालते. अरबी ग्रंथात मात्र पुढे एक अख्खे प्रकरण आहे, दिम्नाच्या चौकशीचे. पंचतंत्रात ते नाही. इब्नुल मुकफ्फाने ते स्वतः लिहिले असे बहुतेक अभ्यासक मानतात. खटला उभा राहतो. दिम्नाला कैदेत टाकतात. तो आपला बचाव करतो आणि काय बचाव करतो! नुसत्या संशयावर, चेहऱ्याच्या खुणांवर आरोप करणाऱ्यांची तो भर कचेरीत फजिती करतो. गुन्हेगार असूनही त्याला बोलू दिले जाते. शेवटी साक्षी लागतात तेव्हाच शिक्षा होते. कारस्थान करून बेगुनाहाचा जीव घेणारा सुटता कामा नये, आणि पुराव्याशिवाय त्याला लटकवताही कामा नये. एका इराणी नवमुस्लिमाने हिंदुस्थानी गोष्टीला जोडलेले हे प्रकरण आमच्या मुलांना परके म्हणायचे? आज, आपल्या या देशात?

या गोष्टी पुढे कोणी कोणी उचलल्या पाहा. ज्या ससा-सिंहाचा तक्ता माझ्या वर्गातून उतरवला गेला, तीच गोष्ट मौलाना रूमींनी मसनवीच्या पहिल्या दफ्तरात घेतली आहे आणि ती कलीलातून घेतल्याचे स्वतः सांगितले आहे. तवक्कुल श्रेष्ठ की कोशिश, हा जंगलातल्या जनावरांचा आणि सिंहाचा वाद मौलानांनी पानेच्या पाने रंगवला आहे. आमच्याकडे मसनवीचे नाव निघाले की माना डोलतात. हेरातमध्ये हुसैन वाइज काशिफी यांनी हाच ग्रंथ ‘अन्वारे सुहैली’ म्हणून फारसीत नव्याने लिहिला. वाइज म्हणजे मशिदीतून वाज करणारे, शिवाय कुरआनचे भाष्यकार. त्यांच्यावरून अकबराच्या सांगण्याने अबुल फजलने १५८८ मध्ये ‘इयारे दानिश’ लिहिला. आणि उर्दूवाल्यांनो, आपल्या भाषेच्या गद्याची घडी बसत होती तेव्हा कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात हफीजुद्दीन अहमद यांनी ‘खिरद अफरोज’ लिहिले. तेही हेच पुस्तक. मराठीत मुंबईला छापखाने नवे होते तेव्हा, १८२२ मध्ये, ‘पंचोपाख्यान’ छापून निघाले. एकाच आजीच्या या दोन नाती. आमच्या पोरांना या दोन्ही भाषा येतात. दोन्ही दारांनी गोष्ट घरात यायला हवी होती. आपण दोन्हीकडून कडी लावली.

“ही गोष्ट त्यांची” हे वाक्य पलीकडच्या गल्लीतही आवडीने बोलले जाते, फक्त सूर वेगळा असतो. तिथे ते छाती फुगवून म्हणतात. पंचतंत्र जगभर गेले, जगाला शहाणपण आम्ही शिकवले, वगैरे. बी.एड.च्या वर्गात आम्हालाही हेच सांगितले गेले. कसे गेले, कोणाच्या खांद्यावरून गेले, हा प्रश्न मी विचारला तेव्हा तो अभ्यासक्रमाबाहेरचा ठरला. उत्तर असे आहे की बर्झूयाचे पहलवी भाषांतर कधीच नाहीसे झाले. त्यावरून एक सुरयानी भाषांतर सहाव्या शतकातच झाले होते, पण ते फारसे कुठे पोहोचले नाही. युरोपात हा ग्रंथ पसरला तो अरबीतून. अकराव्या शतकात ग्रीक, मग हिब्रू, हिब्रूवरून तेराव्या शतकात लॅटिन, १२५१ मध्ये स्पॅनिश. फ्रान्सच्या ला फाँतेनने १६७८ मध्ये आपल्या कथांसाठी पिल्पे या हिंदी ज्ञानी पुरुषाचे ऋण मानले. हा पिल्पे म्हणजे अरबी ग्रंथातला बीदपा. मधला अरबी पूल काढून टाका आणि मग सांगा, पंचतंत्र पॅरिसला कोणत्या वाटेने पोहोचले? पुलाचे नाव न घेता नदी ओलांडल्याची शेखी मिरवणारे आणि त्याच पुलावरून जायला आपल्या मुलांना मनाई करणारे, यांचे भांडण आहे असे लोक समजतात. मला तर त्यांचे मेतकूट दिसते.

आता पहिला आरोप. चित्र.

मी आलिमा नाही. फतवा देण्याचा मला अधिकार नाही आणि हौसही नाही. तस्वीर बनवणाऱ्यांविषयी हदीसमध्ये कडक इशारे आहेत, हे मला माहीत आहे. झाडाफुलांचे तक्ते लावा, हा सल्लाही त्या गृहस्थांनी हवेतून काढलेला नव्हता, चित्रे काढून पोट भरणाऱ्या एका माणसाला हजरत इब्ने अब्बास (रजि.) यांनी असाच मार्ग सुचवल्याची रिवायत आहे. ज्यांच्या मनात अल्लाहच्या भीतीने शंका येते त्यांची मी टिंगल करणार नाही. पण मग पूर्ण हदीससंग्रह उघडू या. लहानग्या हजरत आयेशा (रजि.) यांच्या बाहुल्या तिथे आहेत. अबू दाऊदमध्ये त्यांच्या खेळण्यांतला पंखांचा घोडाही आहे, आणि घोड्याला पंख कसे, असे विचारणारे रसूलुल्लाह (सल्ल.) त्यांचे उत्तर ऐकून हसले, हेही आहे. मुलांच्या खेळण्यांना अनेक फकीहांनी सवलत दिली ती यावरूनच. पुस्तकातला सिंह आणि पूजेची मूर्ती यांत फरक करण्याची अक्कल आपल्या बुजुर्गांना होती. कुरआन शरीफच्या प्रतीत त्यांनी कधी प्राणिचित्र येऊ दिले नाही. तिथे खत आणि नक्षी. मशिदीच्या भिंतीवर वेलबुट्टी. पण औषधांच्या ग्रंथात वनस्पती कुटणारे हकीम रंगवले, अल्-जझरीच्या यंत्रांच्या ग्रंथात माणसे आणि हत्ती रंगवले, अस्-सूफीच्या ताऱ्यांच्या ग्रंथात राशींची रूपे रंगवली. हरीरीच्या ‘मकामात’ची १२३७ सालची प्रत याह्या अल्-वासितीने स्वतः लिहिली आणि स्वतः रंगवली, त्यात मशिदीत खुत्बा ऐकणारी माणसेसुद्धा आहेत. जिथे शिकवायचे तिथे त्यांनी दाखवले.

आणि ‘कलीला व दिम्ना’त तर हे उघड लिहून ठेवले आहे. ग्रंथाच्या प्रस्तावनेत पुस्तकाचे चार हेतू सांगितले आहेत. जनावरांच्या तोंडी बोलणे घातले ते कशासाठी, तर गमतीकडे ओढ असलेल्या तरुणांनी पुस्तक हातात घ्यावे म्हणून. जनावरांची चित्रे तऱ्हेतऱ्हेच्या रंगांत दाखवायची ती कशासाठी, तर राजांचे मन रमावे म्हणून. तिसरा हेतू असा की त्यामुळे पुस्तकाच्या प्रती वारंवार निघाव्यात, ते जुने होऊन नष्ट होऊ नये आणि चित्रकाराला व नकलनवीसाला काम मिळत राहावे. चौथा गाभ्याचा, तो विचारवंतांसाठी. म्हणजे चित्र ही मागाहून कोणा बिघडलेल्याने घुसडलेली गोष्ट नव्हे. पुस्तकाच्या रचनेतच तिची जागा आहे.

बी.एड.ला आम्ही घोकले की मूर्ताकडून अमूर्ताकडे जावे, आणि मुलांसाठी चित्रांचे पाठ्यपुस्तक युरोपात कोमेनियसने १६५८ मध्ये आणले. परीक्षेत मीही तेच लिहून गुण घेतले. या प्रस्तावनेतला विचार त्याच्या कितीतरी शतके आधीचा. ज्यांना अध्यापनशास्त्र इंग्रजांकडून आले असे वाटते त्यांनी जरा इकडेही पाहावे.

डोळे बुजवण्याची रीतही जुनी आहे, हे मान्य करायला हवे. सेंट पीटर्सबर्गला ‘मकामात’ची एक सचित्र पोथी आहे. तिच्यातल्या माणसांच्या गळ्यांवरून कोणीतरी नंतर शाईच्या रेघा ओढल्या आहेत. गळा कापला, म्हणजे ते चित्र जिवंत राहिले नाही, अशी ती युक्ती. तेव्हा मार्करवाला आमच्या काळातच जन्मला असे नाही. पण त्या रेघा ओढणाऱ्याने पोथी फाडली नाही. ती त्याने वाचायला ठेवली. आमच्याकडे आधी रेघ आली, मग तक्ता गेला, आणि आता गोष्टीची पुस्तकेही कपाटात कुलूपबंद आहेत.

शिवाय ही परहेजगारी केवढी निवडक आहे! हजच्या अर्जावर फोटो चालतो. तो चालवावा लागतो, कायदा आहे, कबूल. आधार कार्ड, पासपोर्ट, खिशातली नोट, कबूल. पण शादीचे व्हिडिओ? गल्लीच्या तोंडावर पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा फलक, त्यात ओळीने दाढीवाले, टोपीवाले, सगळ्यांचे डोळे शाबूत? संध्याकाळी चार वर्षांच्या पोराच्या हातात मोबाइल देऊन आई स्वयंपाक करते, बाप चहाला जातो. त्या मोबाइलमधल्या मांजरीचे, उंदराचे, हाणामाऱ्या करणाऱ्या पुतळ्यांचे डोळे पुसायला कोणी जात नाही. ज्या चित्रातून पैसा, पद किंवा सोय मिळते ते जायज. ज्या चित्रातून गरिबाचे मूल दोन ओळी वाचायला शिकते तेवढे नाजायज. याला तकवा म्हणायचे असेल तर शब्दाचा अर्थ बदलावा लागेल.

गरिबाचे मूल, हे मी जाणूनबुजून म्हणते. ज्यांच्याकडे पैसा आहे त्यांची मुले इंग्रजी शाळेत आहेत. तिथे सिंहाला डोळे, शेपूट, आयाळ सगळे आहे. त्याबद्दल तक्रार ऐकलेली नाही. खरे तर तक्ता उतरवण्याचा आग्रह धरणाऱ्यांपैकी काहींची मुलेही तिथेच जातात. माझ्या वर्गात येतात ती गॅरेजवाल्याची, फळगाडीवाल्याची, शिलाई करणाऱ्या बाईची मुले. घरी पुस्तक नाही. मुलांसाठी उर्दूत सचित्र पुस्तके आधीच मोजकी. दिल्लीचे ‘खिलौना’ मासिक बंद पडून दशके लोटली. या मुलांसाठी भिंतीवरचा तक्ता ही चैन नाही, ते त्यांचे ग्रंथालय आहे. चौथीतला एक मुलगा वर्षभर वाचायला उठत नव्हता. तक्त्यापुढे उभा राहून त्याने सशाच्या तोंडची वाक्ये स्वतः रचून म्हटली आणि मग ती फळ्यावर लिहून मागितली. तक्ता गेल्यावर त्याने विचारले, “टीचर, शेर गुनहगार था क्या?” काय उत्तर देणार होते मी?

आणखी एका मंडळींशी बोलायचे राहिले. ती चित्रांच्या विरोधात नाहीत. उलट जलशांत, परिषदांत ती मोठ्या आवाजात सांगतात की आमचा वारसा केवढा थोर, आमच्या पोथ्या पॅरिसला, ऑक्सफर्डला, अंग्रेजांनी पळवल्या. कोणती पोथी कशी गेली ते प्रत्येकीचे वेगळे आहे. ऑक्सफर्डला १३५४ सालची ‘कलीला व दिम्ना’ची सचित्र प्रत एडवर्ड पोकॉक या विद्वानाच्या संग्रहातून आली, तो सतराव्या शतकात हलबला पाद्री म्हणून राहिला, अरबी शिकला आणि त्याने पोथ्या जमवल्या. त्या प्रतीतले चंद्रतळ्याचे चित्र आपल्यातल्या कितींनी पाहिले आहे? फैरोज नावाचा ससा हत्तींच्या राजाला चंद्राचा कोप दाखवतो, हत्ती पाण्यात सोंड बुडवतो, पाण्यातला चंद्र थरथरतो आणि हत्ती घाबरून माघारी जातो. पाहायला पॅरिसला जाण्याची गरज नाही. ३४६५ क्रमांकाची पोथी तिथल्या ग्रंथालयाने इंटरनेटवर फुकट ठेवली आहे, पान न पान. ज्या फोनवर आपण थोर वारशाचे संदेश एकमेकांना ढकलतो त्याच फोनवर ती उघडते. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात मुघल काळातल्या ‘अन्वारे सुहैली’ची चित्रेही आहेत. वारसा चोरीला गेल्याची फिर्याद करणाऱ्यांनी आधी एकदा ऐवज ओळखून दाखवावा.

ती पोथी मी वर्गात दाखवली आहे. शाळेचा प्रोजेक्टर नादुरुस्त होता, म्हणून माझ्या फोनवर, पाच-पाच मुलांच्या टोळीने. वरची अरबी त्यांना सुटी सुटी वाचता येते, कारण मकतबमध्ये ती अक्षरे शिकलेली आहेत. “कलीला” हा शब्द त्यांनी स्वतः वाचला, कोणी शिकवावे लागले नाही. ज्या लिपीतून ते कुरआन वाचतात त्याच लिपीत, आठशे वर्षांपूर्वीच्या कागदावर, कोल्हा बोलतो आहे आणि त्याला डोळे आहेत. मुलांना त्यात काही विपरीत वाटले नाही. दिम्नाचा खटला सांगितला तेव्हा मात्र भांडणे झाली. एका मुलीचे म्हणणे, शिक्षा सिंहालाही व्हायला हवी होती. कान त्याचे भरले, पण पंजा तर त्याचाच होता. दहा वर्षांची मुलगी. ही पोर उद्या वकील झाली तर नवल नाही, आणि नाही झाली तर तो दोष तिचा नसेल.

पुढच्या महिन्यात आमची शिक्षक-पालक सभा आहे. ससा-सिंहाचा तक्ता परत लावण्याचा ठराव मी लेखी देणार आहे आणि सोबत या पोथीच्या सहा पानांच्या रंगीत प्रती जोडणार आहे. ज्यांचा विरोध आहे त्यांनी जरूर यावे. आलिमांना बरोबर आणावे, किताबे आणावीत, समोर बसावे. मार्कर तेवढा घरी ठेवून यावा.